महाड व अलिबाग येथील हवामान
महाड आणि अलिबाग ही महाराष्ट्रातील रायगड जिल्ह्यातील दोन शहरे आहेत. दोन्ही ठिकाणचे हवामान उष्ण व दमट असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो.

तापमान
अलिबाग अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर आहे. समुद्राचे पाणी जमिनीपेक्षा सावकाश तापते व सावकाश निवते, त्यामुळे येथील हवा सम राहते. महाड हे सावित्री नदीकाठी, डोंगरांनी वेढलेले आहे. महाड, तालुक्यातील तुडीलसारखी गावे आणि शेजारचे पोलादपूर येथे उन्हाळ्यातील दुपार अधिक तापते, तर हिवाळ्यातील पहाट अधिक गार असते.

पर्जन्यमान
मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात व थंड होतात. म्हणून पायथ्याच्या महाड-पोलादपूर भागात अलिबागपेक्षा जास्त पाऊस पडतो.

पूर व दरडी
सावित्री महाबळेश्वरला उगम पावते व बाणकोटजवळ समुद्राला मिळते. घाटमाथ्यावरील अतिवृष्टीचे पाणी काही तासांत महाडला पोहोचते. खाडीला भरती असल्यास त्याचा निचरा मंदावतो. जुलै २००५ आणि जुलै २०२१ मध्ये महाडला मोठे पूर आले. २२ जुलै २०२१ रोजी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली.