कृत्रिम पाऊस आणि त्याची वही

आपल्या सातारा जिल्ह्यात पावसाचे दोन संसार आहेत. महाबळेश्वरला वर्षाकाठी दोनशे इंचांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तिकडे माणात वीस इंचांच्या आसपास पडला तरी शेतकरी देवाचे आभार मानतो. कोरेगाव तालुका या दोहोंच्या मधला. सह्याद्रीवर हलके झालेले ढग डोक्यावरून खटावकडे निघून जातात आणि खालचा माणूस वर बघत राहतो. या ढगांकडून पाऊस पाडून घेता येईल का, हा प्रश्न म्हणूनच आपल्याकडे नुसता पुस्तकी नाही.

१९४६ साली अमेरिकेत शेफर नावाच्या शास्त्रज्ञाने विमानातून थंडगार ढगात कोरडा बर्फ टाकला आणि ढगातून हिमकण झरू लागले. पुढे पाचच वर्षांनी, १९५१ मध्ये, टाटांच्या कंपनीने आपल्या पश्चिम घाटात जमिनीवरून सिल्व्हर आयोडाइडचा धूर ढगांत सोडून पाहिला. आपल्याकडचे पुष्कळसे ढग मात्र उबदार. त्यांत बर्फ नसतो. त्यांना मिठाची बारीक पूड लागते. मीठ ओल धरते, थेंब मोठा होतो, जड होतो आणि खाली येतो. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : ढगच नसेल तर कोणतेही विमान पाऊस आणू शकत नाही.

आता तुम्ही विचाराल, विमान फिरले आणि पाऊस पडला. पण तो विमानाने पडला की आपला आपणच पडायचा होता? खरी मेख इथेच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात बारामतीच्या बाजूला अकरा पावसाळे प्रयोग केला. उत्तरेचा एक पट्टा, दक्षिणेचा एक, मध्ये मोकळा पट्टा. कोणत्या दिवशी कोणत्या पट्ट्यावर मीठ फवारायचे, ते जणू चिठ्ठी टाकून ठरे. मग दोन्हीकडच्या पर्जन्यमापकांची नोंद ताडून पाहत. अकरा हंगामांचा हिशेब लागला तेव्हा वाढ निघाली सुमारे २४ टक्के. इतकी वर्षे रोजच्या रोज वही ठेवली, म्हणून तो आकडा सांगता आला.

पुढे २००३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ साली राज्य सरकारने विमाने उडवली. तातडीच्या अशा कामात चिठ्ठी टाकून ढग सोडून देणे कोणाला परवडणार? त्यामुळे पाऊस पडला तरी त्यातला विमानाचा वाटा किती, हे सांगणे अवघड जाते. म्हणून पुण्याच्या संस्थेने सोलापूरला २०१८ व २०१९ साली पुन्हा शिस्तीने प्रयोग केला. २७६ ढग निवडले, काहींवर फवारणी केली, काही तसेच ठेवले. वाढ सुमारे १८ टक्के आढळली.

जगात या नोंदीचे कायदेही झाले. अमेरिकेने १९७१ साली कायदा केला, की ढगांवर प्रयोग करणाराने आधी सरकारला कळवावे आणि कुठे, केव्हा, किती द्रव्य वापरले त्याची रोजवही ठेवावी. व्हिएतनामच्या युद्धात त्याच अमेरिकेने शत्रूच्या वाटा चिखलात बुडवण्यासाठी गुपचूप ढगांवर फवारणी केली होती. ते उघडकीस आल्यावर १९७६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात करार झाला. हवामानाला हत्यार करायचे नाही, असा तो करार. भारतही त्यात सामील आहे. अमेरिकेसारखा नोंदीचा स्वतंत्र कायदा मात्र आपल्याकडे नाही.

आणि तो का हवा? आपल्या वाटचा पाऊस दुसऱ्याने पळवला, असा संशय एकदा गावात शिरला की भांडण शेताच्या बांधापर्यंत येते. नोंद उघड असेल तर अफवेला उत्तर देता येते आणि सरकारी पैशाचा हिशेबही मागता येतो.

गुरुजनांना एवढेच सुचवावेसे वाटते. शाळेच्या मोकळ्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवा. सरकारी रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठला मुलांकडून माप घ्या, तारखेनिशी वहीत लिहा. पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहायला विसरू नका. उद्या आपल्या आभाळात विमान आलेच, तर त्याने काय दिले हे ताडून पाहायला अशा वह्याच उपयोगी पडतील.