किनारी उद्यान : पुनर्बांधणीपूर्व पुरातत्त्वीय सर्वेक्षण (हवाई)

हवाई बेटांवरील सार्वजनिक किनारी उद्यानांची डागडुजी वरवर किरकोळ वाटते : नवे स्वच्छतागृह, जलवाहिनी, दिव्यांचे खांब. पण त्यासाठी चर खणावे लागतात ते वाळूत, आणि मूळ हवाईवासी आपले मृत अनेकदा वाळूत पुरत असत. म्हणून राज्याच्या ऐतिहासिक वारसा कायद्यानुसार (प्रकरण 6ई) कामाआधी जमिनीची तपासणी होते.

जुने नकाशे व जमीनधारणेच्या नोंदी पाहून, पायी पाहणी करून मग यंत्राने चाचणी चर घेतात. चराच्या भिंतीत पांढुरक्या वाळूत काळपट पट्टा दिसला, की यंत्र थांबते आणि थापी हाती येते. हा पट्टा म्हणजे जुन्या वस्तीचा थर. चाळणीत कोळसा, शिंपले, माशांची हाडे, क्वचित हाडाचा गळ किंवा बेसॉल्टच्या वाकसाचा तुकडा उरतो. कोळशावरून कार्बन-14 पद्धतीने काळ ठरवता येतो.

मानवी अस्थी (‘इवी कुपुना’, म्हणजे पूर्वजांची हाडे) सापडल्यास प्रश्न केवळ शास्त्राचा राहत नाही. माउई बेटावरील होनोकाहुआ येथे हॉटेलसाठी 1980 च्या दशकाच्या अखेरीस शेकडो दफने उकरली गेली. तीव्र निदर्शनांनंतर खोदकाम थांबले, हॉटेल किनाऱ्यापासून आत सरकवले गेले आणि 1990 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन बेटनिहाय दफन परिषदा आल्या. अस्थी जागीच राखायच्या की हलवायच्या, हे सर्वेक्षणात आधीच आढळलेल्या मूळ हवाईवासींच्या दफनांबाबत या परिषदा ठरवतात. उद्यानाच्या बाबतीत बहुधा नळाची वाट वळवणेच सोपे पडते.