गेमिंग लॅपटॉप जास्त तापतो? आधी कारण ओळखा, मग उपाय करा

गेम सुरू करून वीस मिनिटं झाली की पंखे घोंघावू लागतात, कीबोर्डचा वरचा भाग हाताला चटका देतो आणि तोपर्यंत छान चाललेला गेम अडखळू लागतो. लॅपटॉप बिघडला असं वाटतं, पण बऱ्याचदा तो स्वतःला वाचवत असतो.

लॅपटॉप इतका का तापतो?

खेळताना प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मिळून १५० वॅट किंवा त्याहून जास्त वीज घेऊ शकतात. ही जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती तांब्याच्या नळ्यांमधून पातळ पट्ट्यांच्या जाळीपर्यंत जाते आणि तिथून पंखा ती बाहेर फेकतो. या वाटेत कुठेही अडथळा आला की तापमान चढतं.

किती तापमान चालतं?

खेळताना प्रोसेसर ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत जाणं गेमिंग लॅपटॉपमध्ये नेहमीचं आहे. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती गाठली की चिप आपला वेग आपोआप कमी करते. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. गेम अडखळण्यामागे अनेकदा हेच असतं. नेमका आकडा पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं.

खोलीचं तापमानही मोजणीत धरा. पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. त्यामुळे जानेवारीत ८० अंशांवर चालणारा लॅपटॉप विदर्भातल्या मे महिन्यात ९५ अंशांवर गेला, तर तो बिघडलाच असं नाही.

बिनखर्चाचे उपाय

- लॅपटॉप गादीवर, उशीवर किंवा मांडीवर ठेवू नका. कापडाने तळाची जाळी बंद होते. टेबलावर ठेवून मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उचला.
- गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेटला मर्यादा घाला. स्क्रीन १४४ हर्ट्झची असली तरी बऱ्याच गेमना ६० फ्रेम पुरतात. चिपचं काम कमी, म्हणून उष्णताही कमी.
- विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल, तर ते ९९ टक्के करून पाहा. बहुतेक लॅपटॉपमध्ये यामुळे टर्बो बूस्ट बंद होतो. वेग थोडा घटतो, तापमान मात्र बरंच उतरतं.

धूळ आणि थर्मल पेस्ट

नवा असताना थंड चालणारा लॅपटॉप हळूहळू जास्त तापू लागला, तर पहिला संशय धुळीवर घ्या. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि जाळीत हवेचा फवारा थोडा थोडा मारा. तळ उघडत असाल तर आधी बॅटरीची जोडणी काढा आणि फवारा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तो हवेने भरधाव फिरला तर बेअरिंग खराब होऊ शकतं.

साफसफाईनंतरही फरक पडला नाही, तर चिप आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधली थर्मल पेस्ट सुकली असण्याची शक्यता आहे. ती बदलणं नाजूक काम आहे. काही लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी द्रव धातू असतो. तो विजेचा वाहक असल्यामुळे एखादा थेंब सांडला तरी मदरबोर्ड जळू शकतो. वॉरंटी चालू असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरकडेच द्या.

कूलिंग पॅड घ्यावं का?

तळातून हवा घेणाऱ्या लॅपटॉपला त्याचा काही अंशांचा फायदा होतो. जाळीच धुळीने भरली असेल, तर पॅडवर पैसे घालण्याआधी सफाई करा.

इथे मात्र थांबा

टचपॅड वर उचललेला दिसला, तळ फुगला किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगलेली असू शकते. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर खराब होते आणि फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. अशा वेळी लॅपटॉप बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा.