माउंट सीनरी आणि त्याच्या कुशीतली गावे

कॅरिबियन समुद्रातील साबा बेट म्हणजे एका ज्वालामुखीचा समुद्रातून वर आलेला भाग होय. क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर, आणि मध्यभागी सुमारे ८८० मीटर उंचीचा, बहुधा ढगांत बुडालेला माउंट सीनरी. बेटाला चहूबाजूंनी उभे कडे असल्यामुळे वस्ती किनाऱ्यावर न होता डोंगराच्या अंगाखांद्यावर झाली. द बॉटम हे मुख्य गाव नावाने तळाचे असले, तरी ते समुद्रापासून बरेच उंच, टेकड्यांनी वेढलेल्या खोलगट भागात आहे.

सतराव्या शतकाच्या मध्यास शेजारच्या सिंट युस्टेशियसवरून डच वसाहतवाले येथे आले. पुढे इंग्रज, स्कॉटिश आणि आयरिश कुटुंबे आली, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकीही आले. डच सत्तेने गुलामगिरी १८६३ मध्ये संपवली. सपाट जमीन नसल्याने मोठे मळे येथे फोफावले नाहीत, पुरुष दर्यावर्दी झाले. घरे चालवली ती स्त्रियांनी. काराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मेरी गर्ट्रूड जॉन्सनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडाचे धागे काढून लेस विणण्याची कला बेटावर आणली. स्त्रिया ही लेस टपालाने अमेरिकेत विकू लागल्या आणि कित्येक संसारांना तिचा आधार झाला.

या काळात जहाजातून उतरलेला प्रत्येक जिन्नस माणसांनी डोक्या-खांद्यावरून वर नेला. लॅडर बे येथे कड्यात खोदलेल्या सुमारे ८०० पायऱ्या होत्या, तर गावागावांना जोडणाऱ्या केवळ पायवाटा. वायव्येकडचे मेरीज पॉइंट तर इतके आडबाजूला होते की १९३४ मध्ये सरकारने तेथील रहिवाशांना द बॉटमला हलवले. पिढ्यान्‌पिढ्यांचे गाव त्यांच्या हातून सुटले.

अशा डोंगरात रस्ता होणे अशक्य, असे डच अभियंत्यांचे मत होते. बेटावरच्याच जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल याने ते मानले नाही. पत्राद्वारे स्थापत्याचा अभ्यासक्रम पूर्ण करून त्याने गावकऱ्यांच्या हातांनी काम सुरू केले. किनाऱ्यावरील फोर्ट बे ते द बॉटम हा टप्पा १९४३ मध्ये झाला, पहिली जीप १९४७ मध्ये आली आणि १९५८ पर्यंत रस्ता सर्व गावांपर्यंत पोहोचला. बेटाच्या इतिहासात याहून मोठे काम दुसरे नाही. त्यानंतर १९६३ मध्ये विमानतळ, तर १९७२ मध्ये फोर्ट बेचा धक्का झाला. १० ऑक्टोबर २०१० रोजी साबा नेदरलँड्सची विशेष नगरपालिका बनले, आणि तेव्हापासून माउंट सीनरी हेच त्या देशातील सर्वोच्च ठिकाण आहे.