संगणकीय अधिप्रमाणन

संगणकाकडे सेवा अथवा माहिती मागणारी व्यक्ती, किंवा तिच्या वतीने मागणी करणारा दुसरा संगणक, आपण जो असल्याचे सांगतो तोच आहे, हे पडताळून पाहण्याची पद्धती. ओळख पटल्यानंतर त्या व्यक्तीस काय करता यावे हे ठरविणे ही निराळी क्रिया असून तिला अधिकारदान म्हणतात. शेतजमिनीचा उतारा कोणीही पाहू शकतो. त्यावरील नोंद बदलण्याचा अधिकार मात्र मोजक्याच अधिकाऱ्यांना असतो. पहिल्या क्रियेचा संबंध ‘कोण’ या प्रश्नाशी, तर दुसरीचा ‘काय’ या प्रश्नाशी आहे. या दोहोंची गल्लत झाल्यास प्रणाली असुरक्षित होते.

पूर्वपीठिका : दूरच्या माणसाची ओळख पटविण्याचा प्रश्न संगणकाहून पुष्कळ जुना आहे. मराठी राजपत्रांच्या शिरोभागी राजमुद्रा आणि अखेरीस समाप्तीची मुद्रा म्हणजे मोर्तब उमटवीत. मोर्तबापुढे मजकूर नाही असे मानले जात असल्याने मागाहून ओळी वाढविणे अवघड होई. सुरनीस अथवा सचिव पत्राचा मजकूर तपाशी आणि दप्तरात नोंद झाल्याची खूण पत्रावर केली जाई. पत्र कोणाचे, त्यातील मजकूर अबाधित आहे काय आणि त्याची नोंद कोठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे या व्यवस्थेत मिळत. संगणकीय अधिप्रमाणनाची उभारणीही याच प्रश्नांभोवती झालेली आहे.

परवलीचा शब्द : आरंभीच्या संगणकांवर एका वेळी एकच काम चाले; त्यामुळे खोलीचे कुलूप हेच संरक्षण पुरेसे होते. १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांदो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची प्रणाली दाखविली. प्रत्येकाची कागदपत्रे स्वतंत्र राहावीत म्हणून तीत परवलीचा शब्द म्हणजे पासवर्ड योजण्यात आला. १९६६ मध्ये दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळी टिपणे दुरुस्त करीत असता त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली आणि दैनिक सूचनेच्या जागी सर्वांचे परवलीचे शब्द प्रत्येक वापरकर्त्यापुढे प्रकट झाले. मूळ शब्द जसाच्या तसा साठविणे धोक्याचे आहे, हा धडा यातून मिळाला.

यावरील उपाय रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन यांनी १९७९ च्या निबंधात सविस्तर मांडला. शब्दावर गणिती प्रक्रिया करून मिळणारा अंकसमूहच साठवावयाचा. त्यावरून मूळ शब्द उलट काढता येऊ नये. दोघांचा शब्द एकच असला, तरी साठविलेले अंक भिन्न यावेत म्हणून प्रत्येक शब्दात एक यादृच्छिक संख्या मिसळतात. या संख्येला ‘मीठ’ अशी चमत्कारिक संज्ञा रूढ आहे. चोरास असंख्य शब्द झटपट आजमावता येऊ नयेत यासाठी ही प्रक्रिया हेतुपुरस्सर संथ ठेवतात. १९९९ मध्ये पुढे आलेल्या बीक्रिप्ट या पद्धतीत संगणकांच्या वाढत्या वेगानुसार हा संथपणा वाढविण्याची सोय आहे.

गणिती सही : १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी किल्ल्यांच्या जोडीची कल्पना मांडली आणि पुढील वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी ती प्रत्यक्षात आणणारी रीत शोधली. या जोडीतील एक किल्ली गुप्त असते व दुसरी सर्वांस खुली असते. गुप्त किल्लीने केलेली सही खुल्या किल्लीने कोणासही पडताळता येते, परंतु खुली किल्ली जवळ असून तशी सही करता येत नाही. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये अशा सहीला कायदेशीर मान्यता मिळाली. हा अधिनियम १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला.

आंतरजालावरील खाते : टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये प्रस्तावित केलेल्या जागतिक जालात प्रत्येक मागणी स्वतंत्र मानली जाते, सेवा देणाऱ्या सर्व्हरला आधीच्या मागणीचे स्मरण नसते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत ‘कुकी’ ही छोटी खूणचिठ्ठी योजण्यात आली आणि एकदा ओळख पटलेल्यास पुन:पुन्हा शब्द सांगण्याची गरज उरली नाही. वाटेत चिठ्ठी चोरीस जाऊ नये म्हणून संभाषणच गूढलिपीत करण्याची पद्धत १९९५ च्या सुमारास प्रचारात आली.

एका संगणकीय कार्यक्रमाने दुसऱ्याकडे ठरावीक रीतीने मागणी नोंदविण्याच्या मार्गास एपीआय म्हणतात. असे मार्ग वाढल्यावर नवा प्रश्न उद्‌भवला. एका सेवेने दुसऱ्या सेवेतून आपली माहिती आणावी यासाठी लोक आपला परवलीचा शब्दच तिच्या हवाली करीत. म्हणजे एक खोली उघडण्यासाठी साऱ्या घराच्या किल्ल्या देण्याचाच हा प्रकार होता. २००७ मध्ये पुढे आलेल्या ओऑथ या संकेताने शब्दाऐवजी मर्यादित कामापुरता, मुदतीचा परवाना देण्याची रीत घालून दिली. तिची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एका संकेतानुसार असा परवाना सहीयुक्त असतो. सहीमुळे तो बदलता येत नाही, पण वाचता येतो. म्हणून त्यात गुपित लिहू नये आणि चोरीची शक्यता लक्षात घेऊन त्याची मुदत अल्प ठेवावी, असा दंडक आहे.

महाराष्ट्रातील भूमि-अभिलेख : या तंत्राचा ग्रामीण जीवनाशी निकटचा संबंध गाव नमुना सात व बारा, म्हणजे सातबारा उताऱ्यातून आला. जालना जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. राजवट व सीमा बदलल्या, तरी अंबड किंवा घनसावंगीच्या मोसंबी बागायतदाराला पीककर्ज, वारसा वा विमा यांसाठी लागणारा आधार जमिनीच्या नोंदीचाच राहिला. हस्तलिखित उताऱ्यावरील विश्वास तलाठ्याच्या अक्षरावर व शिक्क्यावर अवलंबून असे. गावात ते अक्षर परिचित होते. दूरच्या बँकेला ते अपरिचित होते.

राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने विकसित केलेल्या ई-फेरफार प्रणालीत अधिकाऱ्याची ओळख गणिती सहीने व बोटांच्या ठशाने पटविण्याची योजना करण्यात आली. तलाठ्याने नोंद घ्यावयाची, हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची आणि हरकतींचा विचार होऊन मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावयाची, ही महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील विभागणी संगणकातही कायम राहिली. अधिप्रमाणन व अधिकारदान यांतील भेदाचे हे उत्तम उदाहरण होय. १ मे २०१८ रोजी गणिती सहीचा सातबारा नागरिकांसाठी उपलब्ध झाला. त्यावरील पडताळणी क्रमांकावरून उतारा खरा आहे किंवा कसे, हे कोणासही तपासता येते.

तथापि सहीमुळे नोंद अबाधित असल्याचे सिद्ध होते, सत्य असल्याचे नव्हे. क्षेत्र चुकले अथवा वारसाचे नाव वगळले गेले, तर ती चूकही सहीनिशी पक्की होते. यासाठीच २०१७ मध्ये गावोगावी चावडी-वाचन करून संगणकीय उतारे खातेदारांपुढे वाचण्यात आले. गणिताला न दिसणारी चूक शेजारच्या बांधावरील माणसाला दिसते.

आधार व नकाराचा प्रश्न : देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी एका आदिवासी महिलेस देण्यात आला. आधाराच्या अधिप्रमाणनात बोटाचा ठसा अथवा भ्रमणध्वनीवरील तात्पुरता संकेतांक केंद्रीय सर्व्हरकडे जातो आणि तेथून ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते. अशा यंत्रणेत दोन प्रकारच्या चुका संभवतात : तोतयाचा स्वीकार आणि खऱ्याचा नकार. पहिली चूक गाजते. दुसरी बहुधा निमूट सोसली जाते. ऊसतोड, वीटभट्टी किंवा लोखंडाच्या कारखान्यातील कष्टांनी बोटांच्या रेषा झिजतात, वृद्धांच्या पुसट होतात, कधी गावातील संपर्कच खंडित असतो. शिधावाटप दुकानातून अशा कारणाने रिकाम्या हाती परतणारी व्यक्ती तोतया नसते.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे ठरविले आणि २६ सप्टेंबर २०१८ रोजी आधार अधिनियम काही मर्यादा घालून वैध मानला. अधिप्रमाणन फसल्यामुळे पात्र व्यक्ती लाभापासून वंचित राहणार नाही, अशी भूमिका शासनाच्या वतीने त्या सुनावणीत मांडण्यात आली होती.

मुद्रा, परवलीचा शब्द, गणिती सही व ठसा या क्रमाने साधने बदलली. त्यांबरोबर विश्वासाचे स्थान परिचित माणसाकडून अपरिचित यंत्राकडे सरकले. तोतयास रोखण्याची शक्ती यामुळे निश्चितच वाढली. परंतु यंत्राने ‘नाही’ म्हटल्यावर दाद कोणाकडे मागावी व दुसरा कोणता पुरावा मानला जावा, याची तरतूद गणितात नसते. ती प्रणाली उभारणाऱ्यांनीच करावी लागते. ती नसेल, तर सुरक्षित म्हणविणारी प्रणालीही खऱ्या हक्कदारास परका ठरविते.