वांग (त्वचाविकार)

वांग (वैद्यकीय नाव: मेलाझ्मा) हा चेहऱ्यावर तपकिरी किंवा करड्या-तपकिरी रंगाचे सममित डाग उमटणारा दीर्घकालीन त्वचाविकार आहे. त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याची निर्मिती वाढल्यामुळे हे डाग पडतात. हा विकार संसर्गजन्य नाही आणि त्यातून कर्करोग उद्भवत नाही. तो प्रामुख्याने प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळतो. पुरुषांमध्येही तो होतो, मात्र त्यांचे प्रमाण बरेच कमी असते. गव्हाळ ते सावळा वर्ण असलेल्या दक्षिण आशियाई, पूर्व आशियाई आणि लॅटिन अमेरिकी लोकांमध्ये वांग अधिक दिसतो.

योग्य उपचारांनी वांग फिका करता येतो व नियंत्रणात ठेवता येतो, परंतु तो कायमचा नाहीसा करणारा उपचार उपलब्ध नाही. डाग लवकर जावेत या अपेक्षेने स्टेरॉइड किंवा पारा असलेली मलमे वापरली जातात आणि त्यांमुळे होणारी हानी मूळ विकारापेक्षा गंभीर ठरू शकते.

नाव

'मेलाझ्मा' हे नाव काळा या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून आले आहे. गर्भारपणात उद्भवणाऱ्या वांगासाठी 'क्लोॲझ्मा' हे नावही वापरले जाते. मराठीतील 'वांग' हा शब्द संस्कृत 'व्यंग' या शब्दाशी जोडला जातो. आयुर्वेदात व्यंगाचा समावेश क्षुद्ररोगांमध्ये केलेला असून, चेहऱ्यावर उमटणारे, वेदनारहित, पातळ व श्यामवर्णी मंडल असे त्याचे वर्णन आढळते. क्रोध आणि अतिश्रम यांमुळे वात व पित्त प्रकुपित होणे हे त्याचे कारण मानले आहे. बोलीभाषेत मात्र चेहऱ्यावरील कोणत्याही काळसर डागाला वांग म्हटले जाते. त्यामुळे रुग्णाने सांगितलेला वांग हा वैद्यकीय अर्थाने मेलाझ्मा असेलच असे नाही.

कारणे

वांगाचे एकच एक कारण सांगता येत नाही. पुढील घटक त्यास कारणीभूत ठरतात.

• सूर्यप्रकाश: हा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे. अतिनील किरणांप्रमाणेच दृश्य प्रकाशामुळे, विशेषतः त्यातील निळ्या प्रकाशामुळे, सावळ्या त्वचेत टिकाऊ काळसरपणा येतो. उन्हाळ्यात डाग गडद होणे हे वांगाचे नेहमीचे लक्षण आहे.
• संप्रेरके: गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि संप्रेरक-उपचार यांमुळे वांग सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. गर्भारपणातील वांग प्रसूतीनंतर काही महिन्यांत अनेकींमध्ये फिका होतो, पण काहींमध्ये तो टिकून राहतो.
• आनुवंशिकता: अनेक रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांनाही हा विकार असतो.
• इतर घटक: प्रकाशसंवेदनशीलता वाढवणारी औषधे आणि त्वचेचा दाह करणारी सौंदर्यप्रसाधने यांमुळे डाग वाढू शकतात. काही रुग्णांमध्ये थायरॉइड ग्रंथीचे विकारही आढळतात.

विकाराची यंत्रणा

मेलॅनिन तयार करणाऱ्या रंगपेशी (मेलॅनोसाइट) बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात असतात. गोऱ्या व सावळ्या व्यक्तींमध्ये या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्यांच्या कार्यशीलतेत आणि रंगकणांच्या आकारात व वितरणात. टायरोसिनेज या तांबेयुक्त विकराच्या साहाय्याने टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन बनते. ते मेलॅनोसोम नावाच्या कणांमध्ये साठवले जाते आणि रंगपेशींच्या फांद्यांमधून भोवतालच्या केराटिनोसाइट पेशींकडे पोहोचते.

वांगामध्ये रंगपेशी अतिक्रियाशील होतात. मात्र बिघाड केवळ त्यांच्यापुरता मर्यादित नसतो. डागाखालील अंतस्त्वचेत उन्हाने झालेली तंतूंची हानी, वाढलेल्या रक्तवाहिन्या आणि बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांमधील आधारपटलाची झीजही आढळते. या व्यापक बदलांमुळे रंग तात्पुरता कमी केला तरी डाग पुन्हा उमटतात.

लक्षणे व प्रकार

डागांना खाज, वेदना किंवा खवले नसतात. त्यांच्या कडा बहुधा अनियमित असतात आणि ते चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या ठिकाणी दिसतात. स्थानानुसार वांगाचे तीन प्रकार मानले जातात:

• मध्यमुखी: कपाळ, गाल, नाक, वरचा ओठ व हनुवटी यांवर. हा प्रकार सर्वाधिक आढळतो.
• गालांवरील: गाल व नाक यांपुरता मर्यादित.
• जबड्यावरील: खालच्या जबड्याच्या कडेवर.

रंगद्रव्याच्या खोलीनुसार बाह्यत्वचीय, अंतस्त्वचीय व मिश्र असेही वर्गीकरण केले जाते. प्रत्यक्षात अनेक रुग्णांमध्ये मिश्र प्रकार असतो.

त्वचापरीक्षण

निदान मुख्यतः रुग्णाच्या माहितीवरून व प्रत्यक्ष पाहणीवरून होते. डाग केव्हा सुरू झाले, गर्भारपणाशी किंवा गोळ्यांशी त्यांचा संबंध आहे का, उन्हात किती वेळ जातो आणि आतापर्यंत चेहऱ्याला काय काय लावले, ही माहिती घेतली जाते. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा असतो, कारण पूर्वी वापरलेल्या मलमांमुळे विकाराचे स्वरूप बदललेले असू शकते.

फिट्झपॅट्रिक वर्गीकरण: अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या या वर्गीकरणात ऊन लागल्यावर त्वचा भाजते की काळवंडते यावरून तिचे प्रकार ठरतात. आज त्यात सहा प्रकार आहेत. बहुतेक भारतीयांची त्वचा प्रकार ४ व ५ यांच्या आसपास येते. अशा त्वचेवर तीव्र उपचारांनी दाह झाल्यास नवे काळे डाग पडण्याचा धोका अधिक असतो.

वूड दिवा: अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांच्या नावाने ओळखला जाणारा हा दिवा सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणे देतो. अंधाऱ्या खोलीत या प्रकाशाखाली बाह्यत्वचेतील डाग अधिक ठळक दिसतात, तर अंतस्त्वचेतील डागांमध्ये फारसा फरक पडत नाही. अतिशय सावळ्या त्वचेत ही तपासणी कमी उपयोगी ठरते. चेहऱ्यावर मलम, पावडर किंवा सनस्क्रीन राहिल्यासही निष्कर्ष चुकू शकतो.

त्वचादर्शक (डर्मोस्कोप): या भिंगाने रंगद्रव्याचे जाळे व सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसतात. तपकिरी छटा वरवरचे, तर निळसर-करडी छटा खोलवरचे रंगद्रव्य सुचवते.

मासी गुणांक: वांगाची तीव्रता मोजण्यासाठी कपाळ (३० टक्के), उजवा गाल (३० टक्के), डावा गाल (३० टक्के) आणि हनुवटी (१० टक्के) असे चार भाग धरतात. प्रत्येक भागात डागांच्या व्याप्तीला ० ते ६, गडदपणाला ० ते ४ आणि एकसंधतेला ० ते ४ गुण देतात. गडदपणा व एकसंधता यांच्या बेरजेला व्याप्तीने आणि त्या भागाच्या वाट्याने गुणून चारही भागांची बेरीज केली जाते. उदाहरणार्थ, दोन्ही गालांवर व्याप्ती ३, गडदपणा २ व एकसंधता २ असल्यास प्रत्येक गालाचे ०.३ × ३ × ४ = ३.६ गुण होतात. कपाळावर तिन्ही गुण १ असल्यास ०.३ × १ × २ = ०.६ गुण मिळतात. हनुवटी स्वच्छ असल्यास एकूण गुणांक ७.८ येतो. कमाल गुणांक ४८ असतो. उपचारांपूर्वी व नंतर हा गुणांक काढल्यास सुधारणेचे मूल्यमापन केवळ स्मरणावर अवलंबून राहत नाही.

साम्य असलेले विकार

• दाहोत्तर काळसरपणा: मुरूम, भाजणे किंवा पुरळ बरे झाल्यावर त्याच जागी उरणारे डाग. ते सममित असतीलच असे नाही.
• रंगयुक्त संपर्कजन्य त्वचादाह: कुंकू, केसांचा कलप, सुगंधी द्रव्ये इत्यादींच्या ॲलर्जीमुळे येणारा काळसरपणा. कुंकू लावण्याच्या जागीच डाग असल्यास या विकाराची शंका घेतली जाते.
• लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस: चेहरा व मानेवर पसरणारे करडे-काळे डाग.
• ॲकँथोसिस नायग्रिकन्स: मान, काख व कधीकधी कपाळ किंवा गालांच्या कडा जाड व मखमलीसारख्या काळ्या होणे. याचा संबंध अनेकदा लठ्ठपणा व इन्सुलिन-प्रतिरोधाशी असतो.
• ओटाचा नेव्हस: बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला व डोळ्याभोवती आढळणारा निळसर-करडा डाग.

उपचार व घटकद्रव्ये

सनस्क्रीन हा उपचारांचा पाया आहे. एसपीएफ हा निर्देशांक मुख्यतः यूव्ही-बी किरणांपासूनचे संरक्षण दर्शवतो. यूव्ही-ए किरणांसाठी पीए हे वेगळे मानांकन वापरतात. बहुतेक पारदर्शक सनस्क्रीन दृश्य प्रकाश अडवत नाहीत. त्यासाठी लोहाची ऑक्साइडे असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन वांगात अधिक उपयुक्त ठरते. प्रयोगशाळेत एसपीएफ दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर लावून मोजला जातो. प्रत्यक्षात लोक याहून बरेच कमी लावतात, त्यामुळे वेष्टनावर छापलेले संरक्षण मिळत नाही. टोपी, छत्री व ओढणी यांचाही उपयोग होतो.

डाग फिके करण्यासाठी पुढील घटकद्रव्ये वापरली जातात.

• हायड्रोक्विनोन: टायरोसिनेजला रोखणारे हे द्रव्य साधारणतः २ ते ४ टक्के प्रमाणात वापरले जाते. दीर्घकाळ वापरल्यास ऑक्रोनोसिस, म्हणजे त्वचेवर कायमचा निळा-काळा रंग येण्याचा धोका असतो. दक्षिण आफ्रिकेत अशा रुग्णांची संख्या मोठी होती आणि तेथे १९९० मध्ये सौंदर्यप्रसाधनांतील हायड्रोक्विनोनवर बंदी आली. युरोपीय संघानेही त्वचेच्या प्रसाधनांतून ते वगळले आहे.
• ट्रेटिनॉइन: हे अ जीवनसत्त्वाचे रूप पेशींची उलाढाल वाढवते. त्यामुळे त्वचेची आग व लालसरपणा होऊ शकतो. गर्भारपणात ते टाळतात.
• ॲझेलेइक आम्ल: १५ ते २० टक्के प्रमाणात वापरतात. गर्भारपणात तुलनेने सुरक्षित मानले जाते.
• कोजिक आम्ल: ॲस्परजिलस वर्गातील बुरशीपासून मिळते. टायरोसिनेजमधील तांब्याला बांधून ठेवते. काहींना त्याची ॲलर्जी होते.
• नायसिनमाइड: ब-३ जीवनसत्त्वाचे रूप. रंगकण केराटिनोसाइट पेशींकडे जाण्याची क्रिया मंदावते.
• क जीवनसत्त्व: प्रतिऑक्सिडीकारक, पण हवा व प्रकाशात लवकर खराब होणारे.
• आर्ब्युटिन व ज्येष्ठमधाचा अर्क: सौम्य परिणामाची द्रव्ये. ज्येष्ठमधातील ग्लॅब्रिडिन टायरोसिनेजला रोखते.
• ट्रॅनेक्झामिक आम्ल: मूलतः रक्तस्राव थांबवणारे औषध. निवडक रुग्णांना ते गोळ्यांच्या स्वरूपात दिले जाते. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा इतिहास असलेल्यांना ते देत नाहीत.

अमेरिकेतील अल्बर्ट क्लिगमन व आयझॅक विलिस यांनी १९७५ मध्ये ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्का ट्रेटिनॉइन आणि ०.१ टक्का डेक्सामेथासोन यांचे मिश्रण मांडले. आजची त्रिघटक मलमे याच सूत्राची सुधारित रूपे आहेत. त्यांतील स्टेरॉइड दाह कमी करण्यासाठी असते आणि ही मलमे वैद्यकीय देखरेखीखाली मर्यादित काळापुरतीच वापरायची असतात. ग्लायकोलिक आम्लाचे पील व लेसर हे पुढच्या टप्प्यातील उपचार होत. सावळ्या त्वचेत त्यांमुळे दाहोत्तर काळसरपणा येऊ शकतो आणि लेसरनंतर वांग पुन्हा उद्भवणे सामान्य आहे.

स्टेरॉइड व पारायुक्त मलमांचा धोका

भारतात स्टेरॉइडयुक्त त्रिघटक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, गोरे होण्याचे मलम म्हणून महिनोन्महिने वापरली जातात. सुरुवातीस चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम येतात व लव वाढते. मलम थांबवताच आग व लाली उसळते, म्हणून रुग्ण ते पुन्हा लावतो आणि त्यावर अवलंबून होतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञ या अवस्थेला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याचे त्वचाविकार असलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण (१४.८ टक्के) चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीवरच विकण्याच्या औषधांत समाविष्ट केली. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी कोणतेही नाव असल्यास ते मलम स्टेरॉइडयुक्त असते.

पाऱ्याचे क्षारही टायरोसिनेजला रोखतात. ते त्वचेतून शोषले जाऊन मूत्रपिंड व चेतासंस्थेला इजा करतात. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी २०२१ ते २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांपैकी १५ जणांमध्ये एनईएलएल-१ या प्रथिनाशी निगडित प्रकार होता आणि या १५ पैकी १३ जण गोरे करणारी मलमे वापरत होते. भारताच्या सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत अनवधानाने आलेला पारा दहा लाख भागांत १ भागापेक्षा अधिक असता कामा नये. उत्पादक, परवाना क्रमांक व घटकांची यादी नसलेल्या सुट्या डबीतील मलमांमध्ये काय आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो.

सौंदर्यतज्ज्ञांची भूमिका

अनेक रुग्ण डॉक्टरांआधी ब्यूटी पार्लरमध्ये जातात. त्यामुळे डाग प्रथम पाहणारी व्यक्ती पुष्कळदा सौंदर्यतज्ज्ञ असते. त्वचेची पाहणी, सौम्य स्वच्छता, सनस्क्रीनचा योग्य वापर शिकवणे आणि वापरातील प्रसाधनांची घटकयादी तपासणे ही कामे तिच्या कक्षेत येतात. रोगनिदान करणे आणि हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन किंवा स्टेरॉइड सुचवणे ही डॉक्टरांची कामे आहेत. ब्लीचमुळे चेहऱ्यावरील लव फिकी होते, पण खोलवरचे रंगद्रव्य जात नाही. उलट आग झाल्यास डाग वाढतात. जोरदार घासणी व तीव्र पील यांचाही परिणाम असाच होऊ शकतो. एकाच बाजूचा डाग, झपाट्याने बदलणारा किंवा रक्त येणारा डाग, त्वचा पातळ झाल्याची चिन्हे, तसेच मलमाच्या वापरानंतर पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आल्यास रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवणे आवश्यक असते.

सामाजिक परिणाम

वांगामुळे शारीरिक त्रास होत नसला तरी तो चेहऱ्यावर असल्याने रुग्णाच्या मनावर परिणाम होतो. हा परिणाम मोजण्यासाठी दहा प्रश्नांची मेलास्क्वोल ही प्रश्नावली वापरली जाते. तिचे गुण १० ते ७० असतात. गोऱ्या रंगाला महत्त्व देणाऱ्या समाजात वांगाचा उपचार आणि गोरे होण्याची इच्छा यांची सहज गल्लत होते. वैद्यकीय उपचाराचा उद्देश डागाची छटा सभोवतालच्या त्वचेशी मिळवणे एवढाच असतो. मूळ वर्ण बदलणे हा त्याचा हेतू नसतो. उपचारांचा परिणाम दिसण्यास सामान्यतः काही आठवडे ते महिने लागतात आणि डाग फिके झाल्यावरही सूर्यप्रकाशापासूनचे संरक्षण चालू ठेवावे लागते.