टिपरू आधी दिसते, ढोल नंतर ऐकू येतो : आवाज आणि चित्र जुळवण्याचा इतिहास

१/९
नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी असते. त्या रात्री सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आलेले ढोल घुमत राहतात. ढोलापासून १७० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला टिपरू पडताना आधी दिसते आणि आवाज अर्ध्या सेकंदाने ऐकू येतो, कारण ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटरच जातो. वादकाचा ठेका मात्र अचूक असतो. आजचा धागा याच अंतराविषयी, आणि ते भरून काढणाऱ्यांविषयी.

२/९
३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला. तो मूकपट होता. मूकपटांच्या काळात पडद्याजवळ बसलेले पेटीवाले आणि तबलजी चित्राकडे पाहत वाजवीत. चित्र आणि नाद यांचा मेळ घालणारे यंत्र म्हणजे माणूसच होता. प्रसंग लांबला तर तोही लय लांबवी.

३/९
१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय पडदा बोलू लागला. त्यात चित्र व ध्वनी एकाच वेळी एकाच फिल्मवर मुद्रित केले होते. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणला. कथा तीच, हरिश्चंद्राची. पण आता तारामती झालेल्या दुर्गा खोटे यांचे ओठ आणि शब्द एकाच क्षणी प्रेक्षकांपर्यंत पोहोचणे आवश्यक होते.

४/९
येथे एक यांत्रिक पेच होता. चित्र दिसण्यासाठी प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबावी लागते. ध्वनी मात्र फिल्म अखंड सरकत असेल तरच स्वच्छ उमटतो. म्हणून प्रोजेक्टरमध्ये ध्वनी वाचणारा भाग भिंगापासून दूर, खाली बसवला गेला. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर आवाज त्याच्या चित्रापेक्षा सुमारे २० फ्रेम पुढे छापला जाऊ लागला. सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने हे अंतर पाऊण सेकंदाहून अधिक भरते.

५/९
म्हणजे फिल्मवर आवाज आणि चित्र मुद्दामच बेमेल असत. मेळ बसे तो पडद्यावर. तो ऑपरेटरच्या हाती असे. फिल्म चढवताना मधला लूप काही फ्रेमने कमी-अधिक झाला, तर नायिकेचे ओठ मिटल्यावर शब्द ऐकू येत. प्रेक्षक हसत ते नटीला, आणि चूक मात्र केबिनमध्ये असे.

६/९
पुढे ध्वनी आणि चित्र निराळ्या यंत्रांवर घेण्याची पद्धत रुळली आणि क्लॅपचे महत्त्व वाढले. दोन पट्ट्या एकमेकींवर आपटल्याची फ्रेम शोधायची, तो ‘टक्’ ध्वनिपट्टीवर शोधायचा आणि दोन्ही एका रेषेत आणायचे. एक खूण डोळ्यासाठी, एक कानासाठी. ‘प्रभात’मध्ये ध्वनिमुद्रणाची धुरा विष्णुपंत दामले यांच्याकडे होती. ‘संत तुकाराम’चे सहदिग्दर्शक म्हणून आपण त्यांना ओळखतो, ध्वनीच्या कामासाठी त्यांचे नाव क्वचितच घेतले जाते.

७/९
आता २००५ मध्ये येऊ. ‘गिटार हिरो’ या खेळात पडद्यावर स्वरखुणा सरकत येतात आणि खेळणारा प्लॅस्टिकच्या गिटारवर त्याच क्षणी बटण दाबून पट्टी हलवतो. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही संकेत मिळताच चित्र रेखाटत असे. नवा सपाट टीव्ही आधी चित्रावर प्रक्रिया करतो; त्यात सेकंदाचा काही अंश जातो. स्पीकरचा उशीर आणखी निराळा. परिणामी ताल पक्का असलेल्या खेळाडूचेही स्वर हुकू लागले आणि तो स्वतःच्या हाताला दोष देऊ लागला.

८/९
उपाय म्हणजे क्लॅपचाच नवा अवतार. आधी केवळ टिक्-टिक् ऐकून पट्टी हलवायची, मग केवळ लकाकी पाहून. यातून ध्वनीचा उशीर आणि चित्राचा उशीर असे दोन आकडे मिळतात आणि खेळ तेवढ्याने आपले वेळापत्रक सरकवतो. २००८ च्या ‘रॉक बँड २’च्या गिटारमध्ये तर प्रकाश टिपणारा संवेदक आणि मायक्रोफोन बसवला होता, टीव्हीसमोर धरली की ती स्वतःच उशीर मोजी.

९/९
प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी तो प्रेक्षकाला जाणवतो. मागे पडल्यास मात्र १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. सृष्टीत आवाज प्रकाशाच्या मागूनच येतो, आणि आपल्या कानांना काठीच्या ढोलांसारख्या उशिराची सवय आहे. हा उशीर कोणत्याही पिढीला नाहीसा करता आला नाही. ऑपरेटरने तो लूपमध्ये धरला, संकलकाने क्लॅपवर, खेळ रचणाऱ्यांनी दोन आकड्यांत. तेव्हा बिनतारी इअरफोन लावून तालाचा खेळ खेळताना स्वर हुकले, तर आपल्याला लय नाही असे ठरवण्याआधी उशीर मोजून पाहा.